पेटीला पाणी

आमच्या गॅलरीत सध्या पाच लिटरचा एक कॅन उभा आहे. त्यातलं जेमतेम अर्धी वाटी पाणी वापरलं गेलंय, तेही वाया. तो कॅन दिसला की माझं टाळकं फिरतं म्हणून मी गॅलरीत जात नाही. आणि सिगार ओढायची परवानगी आमच्या घरी फक्त गॅलरीत आहे.

झालं असं की मेहुणा अमेरिकेतून आला आणि मला एक लाकडी पेटी देऊन गेला. आत पाच सिगार, निकाराग्वाचे. या पेटीला ह्युमिडॉर म्हणतात. झाकणाला आतून स्पंजची डबी, शेजारी आर्द्रता दाखवणारा काटा. काटा पासष्ट ते सत्तरच्या मधे राहिला पाहिजे. खाली गेला तर पान वाळून भुगा, फार वर गेला तर बुरशी. आतलं अस्तर ‘स्पॅनिश सीडर’चं. हे झाड स्पेनचंही नाही आणि सीडरही नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, महोगनीच्या घराण्यातलं, म्हणजे आपल्याकडच्या तूण झाडाचं चुलतभावंड. नवं लाकूड तहानलेलं असतं, म्हणून सुरुवातीला काही दिवस पेटीत पाण्याची वाटी ठेवायची. मेहुण्यानं विमानतळावरून फोन करून बजावलं, “भावजी, डिस्टिल्डच हं. नळाचं घातलंत की संपलं.”

नळाचं का नाही, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि स्पंजाची भोकं बुजतात. पुण्याजवळ फुरसुंगीतल्या आमच्या सोसायटीच्या बोअरनं माझ्या गीझरच्या दोन कॉइली खाल्ल्यात. आरओचं घाल म्हणाल, तर आमचं यंत्र आधी क्षार काढतं आणि मग चवीसाठी थोडे परत घालतं. बायको म्हणाली, “उकळून गार कर.” उकळल्यानं जंतू मरतात, सगळे क्षार काही जात नाहीत. शाळेत आपण ज्याला ‘ऊर्ध्वपातित जल’ म्हणायचो, तेच हवं होतं. अर्धी वाटी.

आधी मेडिकलमध्ये गेलो. तिथे इंजेक्शनचं पाणी मिळतं, पाच-पाच मिलीच्या कुप्यांत. मी हिशेब करून वीस मागितल्या. “पेशंट कोण?” पोरानं विचारलं. “पेशंट नाही,” मी म्हटलं. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कोपराच्या आतल्या बाजूच्या शिरांकडे पाहिलं, आणि “स्टॉक नाही” म्हणाला. मागच्या खोक्यावर स्टॉक दिसत होता.

मग बॅटरीचं दुकान. काउंटरमागे मालक, बाजूला बॅटरी बदलायला आलेला एक रिक्षावाला आणि प्लास्टिकच्या स्टुलावर एक काका. मांडीवर छत्री, खिशाला दोन पेनं.

“डिस्टिल्ड वॉटर आहे? थोडंसंच हवंय.”

“इन्व्हर्टरला का गाडीला?” मालक.

“नाही, दुसऱ्या कामाला.”

इथे मी चुकलो. ‘इन्व्हर्टरला’ म्हटलं असतं तर दोन मिनिटांत घरी असतो.

“दुसऱ्या म्हणजे?” हे काका.

“एक पेटी आहे, तिला.”

काकांनी स्टूल पुढे ओढलं. “पेटीला पाणी घालता?”

“तशी नाही हो, लाकडाची...”

“पेटी लाकडाचीच असते. आमच्या सासऱ्यांची होती, पालिताण्याच्या सुरांची. एका पावसाळ्यात दमट खोलीत राहिली, तर काळी चार गप्प झाली ती कायमची. आणि तुम्ही आपण होऊन वरून पाणी ओतताय?”

“वाजवायची नाही. सिगारची पेटी.”

काका दोन क्षण थांबले. “सिगार म्हणजे चिरूट?”

“हो.”

“चिरुटाला पाणी.” मग रिक्षावाल्याकडे वळून, मला ऐकू येत नसल्यासारखं, “चिरुटाला पाणी हवंय यांना. डिस्टिल्ड.”

रिक्षावाला तळहातावर तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा थांबला. “आम्ही चुना लावतो,” तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात, नुसती माहिती होती. ते जास्त लागलं.

मला सांगा, माणूस दुकानात पैसे घेऊन उभा आहे तर त्यानं ‘कशाला’चं उत्तर का द्यायचं? केनेडींनी १९६२ मध्ये क्युबाच्या मालावर बंदी घालणाऱ्या कागदावर सही करायच्या आदल्या संध्याकाळी आपल्या माध्यम सचिवाला भरपूर क्युबन सिगार आणायला पिटाळलं. सकाळी बाराशे हाती आल्यावर मगच सही केली. हे त्या सचिवानंच पुढे सांगितलंय. त्यांना वॉशिंग्टनमधल्या एकाही दुकानात कोणी स्टूल पुढे ओढून ‘कशाला?’ विचारल्याचं ऐकिवात नाही. मला अर्ध्या वाटीसाठी साक्षी-पुरावे द्यावे लागले.

“सुटं नाही, साहेब,” मालक म्हणाला. “लिटरवाला संपला. पाचचा कॅन आहे.”

पाच लिटर मला या जन्मात पुरले असते. मी “राहू दे” म्हणून वळलो. तेवढ्यात काका उठले.

“थांबा. आधी पाणी बघू. डिस्टिल्ड सांगतात आणि डीएम देतात.”

“डीएमच आहे काका,” मालक शांतपणे म्हणाला. “सगळीकडे तेच असतं. बॅटरीला चालतं.”

डिस्टिल्ड म्हणजे वाफ करून पुन्हा पाणी केलेलं. डीएम म्हणजे रेझिनमधून गाळून क्षार काढलेलं. माझ्या स्पंजाला दोन्ही चाललं असतं, पण हे बोलायला फट सापडेना. काकांनी कॅन उचलला, अंगठ्यानं सील तोडलं, झाकणात पाणी ओतलं आणि खिशातलं एक पेन त्यात बुडवलं. ते पेन नव्हतंच. टीडीएस मीटर होता. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं हे यंत्र लोक घरी ठेवतात. काका ते शर्टाला लावून हिंडतात.

“तीन!” काका म्हणाले. मग मीटर पुसत, “आमच्या टँकरचं किती येतं सांगा? अकराशे ऐंशी.”

पुढची वीस मिनिटं टँकर. टँकर कुठल्या विहिरीवर भरतो, सेक्रेटरी कोणाचा साडू, काकांनी बाटलीत नमुने घेऊन तारखा घालून फ्रीजमध्ये कसे ठेवलेत आणि सुनेनं त्यातली एक बाटली वरणाला कशी वापरली. रिक्षावाला बॅटरी घेऊन गेला. मी उभाच. खरं सांगायचं तर मधेमधे माझी मान आपोआप हलत होती. आमच्याकडेही मार्चपासून टँकरच आहे. धरण भरल्याचे फोटो दर पावसाळ्यात येतात, त्याखाली लोक हात जोडतात, आणि आमच्या नळाला त्यानंतरही चाळीस मिनिटंच पाणी. मेंटेनन्सच्या पावतीवर टँकरची ओळ वेगळी असते, ती कधी कमी झालेली मी पाहिलेली नाही. आंघोळ करून अंगावर पांढरी पूड घेऊन ऑफिसला जाणारा माणूस मी. आणि मी पाच सिगारांसाठी तीन टीडीएसचं पाणी शोधत फिरत होतो. काका हे बोलले नाहीत. त्यांनी नुसतं आधी झाकणातल्या पाण्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“साहेब, सील तुटलंय,” मालक म्हणाला.

“मी कुठे तोडलं?”

“तुमच्यासाठीच तोडलं ना.”

काका छत्रीचं बटण नीट लावण्यात गढून गेले होते. एकशे वीस रुपये मी दिले.

कॅन उचलला तेव्हा ते म्हणाले, “आणि काय हो, भर पावसाळ्यात पाणी कशाला पेटीला? आमच्या घरी डब्यातले पापड सादळलेत. तुमचा चिरूट सादळेल.”

मग मात्र मी बोललो. लाकडाची तहान, तंबाखूचं पान, शास्त्र, सगळं. मेहुणा अमेरिकेत पंधरा वर्षं सिगार ओढतोय, हेही.

“कुठे असतात ते?”

“फिनिक्सला.”

“म्हणजे वाळवंट. फिनिक्स वेगळं, फुरसुंगी वेगळं,” काका म्हणाले आणि स्टुलावर बसले.

घरी येऊन मी इरेला पेटून वाटी ठेवली. तिसऱ्या दिवशी काटा ८४. काटाच खराब असणार! तो तपासायची एक पद्धत आहे: बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, विरघळणार नाही इतपत ओलं करायचं, आणि काट्यासकट झिपच्या पिशवीत बंद करून ठेवायचं. आतली हवा बरोबर ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, जगात कुठेही. सकाळी पिशवी पाहिली. ७५. केसभरही इकडेतिकडे नाही. मग काटा पिशवीतून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि चहा घेत बसलो. चहा संपेपर्यंत ८१. नुसत्या दिवाणखान्याची हवा ८१. पेटी नाही, वाटी नाही, स्पंज नाही. पंख्याखाली माझाच सिगार झालेला.

मेहुण्याला फोन केला. “मग काढा ना पाणी,” तो म्हणाला. “आमच्याकडे आत्ता बाहेर अकरा टक्के आहे, म्हणून मी घालतो.” हे विमानतळावरून सांगायला काय झालं होतं?

एका सिगारच्या टोकाला पांढरी लव आली होती. तो टाकला. उरलेले चार बायकोनं पापडांच्या डब्यात ठेवले, कारण त्यात तिनं औषधाच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून टाकल्यात. आमचे पापड, हे तिनं मला मुद्दाम मोडून दाखवलं, कुरकुरीत आहेत.

काल भाजी घेऊन येताना मी पलीकडच्या फुटपाथवरून चाललो होतो. काका स्टुलावर होतेच. चार पदरी रस्ता, मधे पीएमपीची बस, तरी आवाज आला.

“काय हो, लागली का पेटी सुरात?”

“लागली,” मी ओरडलो आणि पिशवी या हातातून त्या हातात घेत पुढे सटकलो.