चष्मा कुठे ठेवू?

आमच्या डोंबिवलीच्या बेडरूमचं गणित एकदम सोप्पंय. रूम 10 बाय 10, त्यात बेड 6 फूट, कपाट 2 फूट, उरले 2 आणि त्या 2 फुटांत कपाटाचं दार उघडतं दीड फूट. त्यामुळे हॉटेलात आणि सिरियलमधल्या बेडरूममध्ये बेडच्या दोन्ही अंगाला जे छोटं टेबल असतं ना, ते आमच्याकडे आणलं तर एकतर कपाट उघडणार नाही नाहीतर मी बेडवरून उतरणार नाही.

नवऱ्याला हा प्रॉब्लेमच नाहीये, कारण त्याची बाजू भिंतीला चिकटलेली आणि तिथे खिडकीचा अख्खा लांबलचक कट्टा. त्यावर त्याचा मोबाइल, पाण्याची बाटली, गुडनाइटचं मशीन, शिवाय दोन वर्षांपूर्वीच्या एका लग्नातलं रुखवताचं काहीतरी. आणि हा माणूस मला सांगतो, "मला तर टेबलाची कधी गरजच वाटली नाही बाई."

माझा नंबर मायनस साडेचार. चष्मा उशाखाली ठेवून एक काडी मोडून झालीये. मोबाइल गादीच्या कडेला ठेवला की रात्री बेडच्या डोक्याकडच्या फटीत जातो आणि नेमका साडेपाचचा अलार्म तिथूनच वाजतो, मग कपडे वाळत घालायच्या काठीने त्याला बाहेर ढकलायचं. भिंतीवर फळी मारावी तर मालकांनी करारातच लिहून घेतलंय, खिळा ठोकायचा नाही.

आधी प्लास्टिकचं स्टूल आणलं. चांगलं होतं हो, पण घरात एक स्टूल आलं की ते कुणा एकाचं राहत नाही, सकाळी बाथरूममध्ये, दुपारी माळ्याखाली, संध्याकाळी कुरियरवाला लिफ्ट बंद म्हणून चार जिने चढून धापा टाकत आला तर त्याच्या बुडाखाली. रात्री मी झोपेत हात लांब करून चष्मा ठेवला तो सरळ फरशीवर.

मग डोक्यात आलं की दिवाळी अंक! 1909 साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला, त्यानंतर एवढे अंक निघाले, त्यातले निम्मे बहुतेक आमच्याच घरी साठलेत. रचले एकावर एक, बरोबर बेडच्या उंचीचं टेबल झालं. फुकट, शिवाय साहित्यिक. फक्त ते चकचकीत कव्हर एकमेकांवरून असे घसरायचे की अख्खा ढीग हळूहळू कपाटाकडे कलायला लागला आणि त्यात नवऱ्याला रात्री अकरा वाजता आपलं राशिभविष्य खरं झालं का ते बघायचं असायचं, तो अंक हमखास सगळ्यात खाली. एक दिवस ऑफिसातून आले तर टेबल गायब. "किती दिवस पडून होती ती रद्दी, दिली," इति नवरा. माझं टेबल किलोच्या भावाने गेलं आणि आलेल्या पैशांची आम्ही भेळ खाल्ली. भेळ चांगली होती, खोटं कशाला बोलू.

मे महिन्यात माहेरून हापूस आले, तेही चक्क लाकडी पेटीत, हल्ली सगळे पुठ्ठ्याचे बॉक्स असतात. म्हटलं ही उभी करायची, वर चष्मा, आतल्या कप्प्यात पुस्तक, यूट्यूबवर तर लोक असल्या पेट्यांना रंग देऊन काय काय करतात. मी रंगबिंग दिला नाही. पहिल्या रात्री गाऊन खिळ्याला अडकून टर्र्कन फाटला. दुसऱ्या रात्री पेटीला राहिलेल्या आंब्याच्या वासाने मुंग्या आल्या, तिथून उशीवर, उशीवरून माझ्यावर, आणि मग नवऱ्यावर, तेव्हा कुठे त्याला माझी अडचण पटली. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण पेटीला मिळालेलं नाही हे लक्षात ठेवायला हवं होतं. शिवाय पेटी होती तोवर कपाट अर्धंच उघडायचं, तिरका हात घालून जो ड्रेस हाताला लागेल तो घालून ऑफिसला.

गादीखाली खोचायचा कापडी खिसा पण मागवला. एसटी कंडक्टरची पिशवी गळ्यात घालून झोपल्यासारखं वाटायचं. परत केला.

गणपतीत सासूबाई आल्या. तेव्हा माझ्या उशाशी चौरंग होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, त्यावरच्या व्हिक्सच्या डबीकडे बघितलं. "अगं, सत्यनारायण बसतो ना त्याच्यावर!" चौरंग धुवून पुसून हॉलमध्ये गेला.

मग त्यांनी त्यांच्या गावच्या घराचं सांगितलं. दोन-दोन फुटांच्या मातीच्या भिंती आणि त्यात कोनाडे, एकात दिवा, एकात फणेरपेटी, झोपल्या जागेवरून हात पोचायचा. मी आमच्या भिंतीवर टकटक करून बघितली. चार इंचाची. इथे कोनाडा केला तर माझा चष्मा शेजारच्या काकांच्या उशाशी निघेल.

रात्री बेडरूम तुम्हीच घ्या म्हणून खूप आग्रह केला पण त्या काही ऐकेनात. हॉलमध्ये खाली गादी टाकली, उशाशी तांब्या-भांडं, बॅटरी, चष्म्याचं घर, जपमाळ, बामची बाटली, सगळं फरशीवर ओळीने मांडलं. काही घसरायचं नाही, काही पडायचं नाही, पडून पडून जाणार कुठे? पाच मिनिटांत घोरायला पण लागल्या.

मी दारात उभी राहून बघत होते. बेडसाठी आपण अजून हप्ते भरतोय हे आठवलं आणि गुपचूप माळ्यावरची दुसरी गादी काढायला गेले, तर स्टूल सापडेना.