शंभर वर्षं उठलीच नाही अशी चारा छावणी

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात दर हिवाळ्यात सरकार हजारो जंगली एल्कना चारा घालतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातलं, पण अंगाने थोराड हरीण. नर सहज तीनशे किलोच्या वर जातो. डोंगरातल्या चारा केंद्रांवर घोडे जुंपलेल्या बर्फगाडीतून गवत टाकत जातात आणि मागे अख्खा कळप तोंडाला तोंड लावून रांगेत चरतो. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान बघायला गेलेली आपली मंडळी वायोमिंगमधल्याच जॅक्सन गावी जाऊन एल्कच्या कळपांचे फोटो टाकतात, खाली ‘किती छान’ अशा प्रतिक्रिया येतात. मी जनावरांचा डॉक्टर आहे. मला त्या रांगेत पुण्य दिसत नाही, साथ दिसते.

सुरुवात दयेनेच झाली होती, हे मान्य करायलाच हवं. जॅक्सनच्या खोऱ्यात माणसं वसली, कुंपणं पडली, एल्कची हिवाळी कुरणं गवताच्या शेतांखाली गेली. मग कडक हिवाळ्यांत जनावरं भुकेने पटापट मेली, आणि वाचली ती शेतकऱ्यांच्या गंजींवर तुटून पडली. 1912 साली तिथे राष्ट्रीय एल्क अभयारण्य झालं. पुढे राज्याच्या वन्यजीव खात्याने वीसहून जास्त चारा केंद्रं चालवायला घेतली. बीड-नगरकडच्या चारा छावण्या आपण पाहिल्यात. दुष्काळात त्या उघडतात आणि पाऊस पडून रानात हिरवं दिसलं की उठतात. वायोमिंगची छावणी शंभर वर्षांत उठलीच नाही. पिढ्यान् पिढ्या एल्क तिथेच येत राहिले आणि लांबच्या कुरणांकडे जाण्याच्या त्यांच्या जुन्या वाटा मोडल्या.

या गर्दीचा पहिला हिशेब ब्रुसेलोसिसने मांडला. आपल्याकडे याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात आणि गोठा असलेल्या प्रत्येकाला त्याची धास्ती असते. गाभडलेला गर्भ चाऱ्याच्या जागीच पडतो, बाकीची जनावरं तो हुंगतात, चाटतात, आणि रोग पुढे सरकतो. एल्ककडून तो गाईंत गेला आणि 2004 मध्ये वायोमिंगचा ‘ब्रुसेलोसिसमुक्त’ दर्जा गेला. तो परत मिळवायला दोन वर्षं लागली. गंमत नव्हे, खरी गोष्ट सांगतो: आपण चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना जी स्ट्रेन-19 लस टोचतो, तीच तिथे 1985 पासून एल्कच्या पिल्लांना हवेच्या बंदुकीतून मारली जात होती. वर्षानुवर्षं हे चाललं, पण रोग काही हटला नाही आणि शेवटी ते बंद करावं लागलं. यात नवल काहीच नाही. लस टोचायची आणि गर्दी तशीच ठेवायची, तर दुसरं काय होणार? चारा विरळ पसरून टाकणं, हंगाम लवकर संपवणं हे उपाय त्यापेक्षा बरे. पण तेही अर्धेच.

आता जे आलंय ते याहून भयंकर आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, थोडक्यात सीडब्ल्यूडी. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा, मेंदू पोखरणारा रोग. जनावर खंगत जातं आणि मरतंच. लस नाही, औषध नाही. लक्षणं दिसण्याआधीच लाळ, मूत्र, शेण यांतून प्रायॉन बाहेर पडत राहतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. 1960 च्या दशकात कोलोरॅडोत तो पहिल्यांदा लक्षात आला. डिसेंबर 2020 मध्ये ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानातल्या एल्कमध्ये सापडला. 2024-25 च्या हिवाळ्यात तर स्कॅब क्रीक, डेल क्रीक अशा थेट चारा केंद्रांवरच मेलेल्या एल्कमध्ये तो निघाला. ज्या जमिनीवर दरवर्षी त्याच जागी गवत टाकतात, त्या जमिनीतच आता प्रायॉन मुरत जाणार. माणसाला हा रोग झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण हरणांच्या कुळासाठी अशा चारा केंद्राहून वाईट जागा मला तरी सुचत नाही.

नियम नाहीत असं नाही. उलट नियमांचं जंजाळ आहे. अभयारण्य संघीय सरकारचं, केंद्रं राज्याची, त्यातली बरीच केंद्रं राष्ट्रीय वनाच्या जमिनीवर, म्हणून वनखात्याची परवानगी वेगळी. 2007 च्या आराखड्यात अभयारण्यात चाऱ्यावर जगणारे एल्क कमी करून पाच हजारांपर्यंत आणायचं ठरलं. मुदत मात्र घातली नाही. पर्यावरणवादी संस्था कोर्टात गेल्या. 2011 मध्ये अपील न्यायालयाने चारा घालण्याने अभयारण्याच्या मूळ हेतूलाच धक्का बसतो हे मान्य केलं, तरी आराखडा कायम ठेवला. मग 2021 मध्ये वायोमिंगच्या विधिमंडळाने कायदा केला की राज्याचं कुठलंही केंद्र कायमचं बंद करायचं तर तो निर्णय गव्हर्नरच, म्हणजे तिथला लोकांनी निवडून दिलेला राज्यप्रमुखच, घेणार. माझा खरा आक्षेप इथे आहे. रोगाचा निर्णय रोग जाणणाऱ्यांकडून काढून ज्याला निवडणूक लढवायची आहे त्याच्या हातात दिला, तर तो पुढे ढकलला जाणारच. सीडब्ल्यूडी निवडणुकीसाठी थांबणार नाही.

गाई पाळणाऱ्यांची बाजू मी हसण्यावारी नेणार नाही. चारा एकदम बंद केला तर उपाशी एल्क त्यांच्याच गंजींवर येतील, गाईंत मिसळतील, आणि रोग निघाला तर त्यांचा गाईंचा कळप विलगीकरणात अडकून पडेल. शिकारीवर पोट असलेली कुटुंबंही आहेत. त्यामुळे एका रात्रीत टाळं लावा असं मी म्हणत नाही. गंजींना उंच कुंपण सरकारी खर्चाने घाला, नुकसानभरपाई वेळेवर द्या, हिवाळी कुरणांच्या जमिनी विकत किंवा करारावर घ्या, शिकारीचे परवाने वाढवून आधी संख्या कमी करा. जे पैसे दर हिवाळ्यात गवतावर जातात, ते इकडे वळवता येतील. आणि हो, सुरुवातीला काही एल्क मरतील. हे लिहिताना मलाही जड जातं. पण आज थोडे गमावणं आणि पुढे कळपच्या कळप गमावणं, यांतलं एक निवडायचं आहे.

मार्च 2024 मध्ये राज्याच्या वन्यजीव आयोगाने चारा केंद्रांचा नवा आराखडा मंजूर केला. त्यात प्रत्येक कळपासाठी वेगळी योजना करायचं ठरलं. त्या प्रत्येक योजनेत एक वर्ष लिहिलेलं असावं, ज्यानंतर त्या कळपाला चारा मिळणार नाही. आणि 2021 चा तो कायदा विधिमंडळाने मागे घ्यावा.