दहा दिवसांत पवित्र भूमी समजून घ्या

अभिनंदन! तुमच्या चर्चने तुम्हाला शिष्टमंडळावर घेतलं. आता दहा दिवसांत तुम्ही जेरुसलेम पाहणार, तिथलं इस्रायली-पॅलेस्टिनी भांडण समजून घेणार आणि अमेरिकेत परतल्यावर चर्चच्या महासभेत ठराव मांडणार. दडपण घेऊ नका. ठराव निघण्यापूर्वीच लिहून ठेवा, म्हणजे तिथे फक्त फोटो काढायचे उरतात.

गाइड मात्र जपून निवडा. बेथलेहेमचा पॅलेस्टिनी घेतलात तर इस्रायलने बांधलेली भिंत आणि पॅलेस्टिनींची आयदा निर्वासित छावणी दाखवेल. अमेरिकन पाद्री जॉन हेगी यांनी 2006 मध्ये उभी केलेली ‘ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्रायल’ ही इस्रायलची पाठराखण करणारी संघटना आहे, त्या वळणाचा घेतलात तर ज्यूंच्या हत्याकांडाचं स्मारक याद वाशेम, सीरियाकडून घेतलेलं गोलान पठार आणि गाझालगतचं इस्रायली गाव स्देरोत. स्देरोतच्या बागेत काँक्रीटचे रंगीत सुरवंट आहेत. गाझातून रॉकेट सुटल्याचा भोंगा वाजला की खेळणारी पोरं त्यांच्या पोटात शिरतात. बेथलेहेमवाल्या गटात असाल तर हे बघू नका, अहवालाची घडी विस्कटते. हेगीवाल्यांत असाल तर बेथलेहेमच्या तीनशे नंबरच्या इस्रायली तपासणी नाक्यावरचा गजांचा बोळ बघू नका, जिथे 2023 पर्यंत पॅलेस्टिनी मजूर पहाटेपासून ताटकळायचे. तशी सोयच आहे म्हणा, पर्यटकांची बस त्या बोळातून जात नाही.

इस्रायली माणूस भेटवायचाच झाला तर असा शोधा, जो आपल्या सरकारला तुमच्यापेक्षा जास्त शिव्या घालतो. हेगीवाल्यांची अडचण वेगळी: पॅलेस्टिनी ख्रिस्ती. अरबही आणि वर आपल्याच देवाचा, ठेवायचा कुठल्या खान्यात? त्यावर उपाय म्हणजे त्याच्या दुकानातून ऑलिव्हच्या लाकडाचा उंट घ्यायचा आणि बसकडे वळायचं. दुसऱ्या गटाने त्याच्याकडे चहाही घ्यावा. त्याच्या लोकांनी डिसेंबर 2009 मध्ये ‘कैरोस पॅलेस्टाइन’ हे निवेदन काढलं होतं. त्यातलं सोयीचं वाक्य ठरावात टाकावं. त्याचा मुलगा देश का सोडून गेला, हे विचारत बसलात तर उत्तर लांबतं आणि जेवणाची वेळ टळते.

उत्साहाला आवरही घाला. 2004 मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट चर्चचं एक शिष्टमंडळ दक्षिण लेबनॉनात थेट हिजबुल्ला या इस्रायलविरोधी सशस्त्र संघटनेला भेटलं आणि कॅमेऱ्यासमोर गोड बोलून आलं. घरी आल्यावर गदारोळ झाला आणि मुख्यालयातल्या दोन वरिष्ठांच्या नोकऱ्या गेल्या.

आता मुख्य कार्यक्रम: महासभा. इस्रायली लष्कर घरं पाडायला कॅटरपिलरचे डी-9 बुलडोझर वापरतं, म्हणून त्या कंपनीचे शेअर विकावेत की नाही, यावर याच चर्चने वर्षानुवर्षं खल केला. 2012 मध्ये पिट्सबर्गला 333 विरुद्ध 331 मतांनी प्रस्ताव बारगळला. 2014 मध्ये डेट्रॉइटला 310 विरुद्ध 303 ने मंजूर झाला आणि कॅटरपिलरबरोबर ह्युलेट-पॅकार्ड, मोटोरोला सोल्युशन्सही यादीत आले. सात मतांच्या फरकाने चर्चचा अंतरात्मा शुद्ध! जिंकलात तर ‘इतिहास घडला’ म्हणा, हरलात तर ‘संवाद सुरू राहील’ म्हणा. शेजारच्या सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) रब्बींचा, म्हणजे धर्मगुरूंचा, फोन येईल. तो पाद्रीबाबांना घेऊ द्या, तुम्ही प्रवासातून दमून आला आहात.

विकलेले शेअर कोणी घेतले, असं एखादा आगाऊ सभासद विचारेलच. त्याला पुढच्या शिष्टमंडळात घ्या.