सोनेरी रुपया चुंबकाला चिकटला, म्हणजे तो मुलाम्याचाच

गड्ड्याच्या यात्रेपासून सोलापुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: सोनेरी दिसणारा रुपया, काठ कापलेलं नाणं, दोन्हीकडे सिंह असलेलं नाणं, ही सगळी टाकसाळीची चूक. चुंबक लावून बघा, चिकटलं की अस्सल. रिझर्व्ह बँक ते लाखांत विकत घेते.

टाकसाळीत चुका होतात, एवढंच यातलं खरं.

चुंबकापासून सुरुवात करतो, कारण माणसं तिथेच फसतात. 1992 पासून रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे आणि हे स्टील चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचं आहे. खिशातला कुठलाही साधा रुपया लावून बघा, चिकटेल. पिवळा रुपया चिकटला तर आत तेच स्टील आहे आणि वरून मुलामा चढवलाय, हेच ठरतं. खरी चूक म्हणजे पाच रुपयांच्या पिवळ्या नाण्यासाठीच्या निकेल-पितळेच्या चकतीवर, म्हणजे कोऱ्या गोल तुकड्यावर, चुकून छापला गेलेला रुपया; तो चिकटलाच नसता. मेसेजने कसोटी नेमकी उलटी सांगितली आहे. बरं, चिकटला नाही म्हणून अस्सल, असंही नाही. 1992 च्या लगेच आधीचा रुपया तांबं-निकेलचा, त्यालाही मुलामा देता येतो.

म्हणून नाणं सराफाच्या काट्यावर ठेवा. स्टीलचा जुना, मोठा रुपया 25 मिमी रुंद आणि 4.85 ग्रॅमचा. 2009 मध्ये आलेलं निकेल-पितळेचं पाच रुपयांचं नाणं 23 मिमी आणि 6 ग्रॅमचं. 23 मिमीच्या चकतीवर 25 मिमीचा छाप पुरा बसणार कसा? काठाची अक्षरं तुटतील, कड धड उमटणार नाही. व्हिडिओतल्या सोनेरी रुपयावर मात्र सगळं जागच्या जागी असतं. सालही वाचा. पिवळं पाच रुपयांचं नाणं 2009 च्या आधी नव्हतंच. मग 1998 च्या रुपयाला ती चकती मिळाली कुठून?

आता भिंग घ्या आणि नाणं तिरप्या उजेडात धरा. वापरून झिजलेल्या रुपयावर मुलामा दिला की झीज आणि जुने ओरखडे त्याच्याखाली जसेच्या तसे दिसतात: सिंहांचे चेहरे सपाट झालेले, पण त्यावर चकाकी नवी कोरी. मुलामा जुना असेल तर उंच भागावरून, म्हणजे सिंहांच्या कपाळावरून आणि कडेवरून, तो आधी उडतो आणि खालचा करडा रंग डोकावतो. अक्षरांच्या खाचांत पिवळेपणा तसाच राहतो.

कापलेल्या काठाचं तपासणं मला सगळ्यात आवडतं, कारण इथे धातू स्वतःच सांगतो. टाकसाळीत पत्र्यातून चकत्या पाडताना एखादी चकती आधीच्या भोकावर येते, तिचा तुकडा कमी पडतो आणि ती तशीच छपाईला जाते. दाब पडल्यावर धातू त्या रिकाम्या जागेकडे सरकतो, म्हणून कापाजवळची अक्षरं ओढल्यासारखी, पुसट होतात. कापाच्या बरोबर समोरची कडही बहुधा कच्ची उमटते. कानशीने किंवा ग्राइंडरने कापलेल्या नाण्यात अक्षर कापापर्यंत ठसठशीत असतं आणि तिथेच तुटतं. समोरची कड धडधाकट असते.

दोन्हीकडे सिंह असलेलं नाणं बहुतेक वेळा दोन नाण्यांतून घडवलेलं असतं: एक लेथवर आतून कोरायचं, दुसरं घासून त्यात बसवायचं. कडेच्या आतल्या बाजूने नखाने चाचपा, सांधा लागतो.

राहिली रिझर्व्ह बँक. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, त्यासाठी आपण शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, हे बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय. तरीही ‘नोंदणी’, मग ‘जीएसटी’, मग ‘कुरिअर’ म्हणत पैसे उकळले जातात. भरणारे कोण? यंत्रमागावर राबणारे, बिड्या वळणाऱ्या बाया, ज्यांनी डब्यात जपलेल्या नाण्यावर मुलीच्या फीची आशा ठेवलेली असते. याचा मला मनापासून संताप येतो.

खऱ्या चुकीच्या नाण्याला संग्राहक पैसे देतात. पण ते आधी नाणं हातात घेतात, तोलतात, भिंगाखाली बघतात. विकणाऱ्याकडूनच आगाऊ रक्कम मागणारा माणूस खरेदीदार नसतो. त्याला पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.