जुन्या मोडेमात फाइल टाकून १०० एमबीपीएस मिळत नाहीत

आमच्या आर्वी तालुक्यात सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज गावोगाव फिरतोय. "जुना मोडेम फेकू नका. कंपनीनं त्याचा वेग मुद्दाम दाबून ठेवला आहे. ही फर्मवेअरची फाइल टाका, पाच मिनिटांत १०० एमबीपीएस. धोका काहीच नाही." खाली पुरावा म्हणून १५० एमबीपीएस दाखवणारा एक स्क्रीनशॉट. (फर्मवेअर म्हणजे मोडेमच्या आतलं, त्याला चालवणारं सॉफ्टवेअर; एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, इंटरनेटच्या वेगाचं माप.) मी तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर आणि मोडेम दुरुस्त करतो. पंधरा दिवसांत तिघं हा मेसेज घेऊन दुकानात आले. त्यातल्या एका काकाजींनी ती फाइल टाकून घ्यायला ४०० रुपये मोजले होते. म्हणून त्यातला एकेक दावा घेऊन लिहितो.

पहिला दावा, कंपनीनं वेग दाबून ठेवल्याचा. यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. डायल-अपच्या, म्हणजे फोन लावून इंटरनेट जोडायच्या काळात ५६के (सेकंदाला ५६ किलोबिट) मोडेमच्या दोन पद्धती होत्या, एक्स२ आणि के५६फ्लेक्स. एकीचा मोडेम दुसरीशी ५६केवर बोलत नसे. १९९८ मध्ये व्ही.९० हे सामाईक मानक आलं, आणि कित्येकांनी नवा मोडेम न घेता फक्त फर्मवेअर बदलून ते मिळवलं. ते जमलं, कारण त्या मोडेमच्या चिपमध्ये तेवढी ताकद आधीपासून होती आणि फोनची लाइन तीच राहणार होती. माझ्याही हाती असा एक मोडेम आला होता. एका पतसंस्थेचा, टेलिफोन एक्स्चेंज अगदी रस्त्यापलीकडे. चिप एडीएसएल-२ प्लसची (एडीएसएल म्हणजे फोनच्या तारेवरूनच इंटरनेट देणारी पद्धत, २ प्लस ही तिची नंतरची आवृत्ती), पण कोणीतरी सेटिंग जी.डीएमटी या तिच्या जुन्या आवृत्तीवर अडकवून ठेवलेलं. ते 'ऑटो'वर केलं आणि वेग जवळजवळ दुप्पट झाला. पण आत होतं तेच बाहेर आलं, नवीन काही तयार झालं नाही.

आता १०० एमबीपीएसचं. जुना एडीएसएल तांब्याच्या तारेवर साधारण १.१ मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी वापरतो आणि फार तर ८ एमबीपीएस देतो. एडीएसएल-२ प्लस २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, कमाल २४. शंभराच्या आसपास जायचं तर त्याच तारेवरची आणखी पुढची पद्धत, व्हीडीएसएल-२ लागतो, आणि तो १७ किंवा ३० मेगाहर्ट्झपर्यंत चढतो. तारेवरून आलेली लहर आधी मोडेममधल्या फिल्टरमधून जाते, मग तिचे आकडे होतात, आणि त्यानंतर सॉफ्टवेअरचं काम सुरू होतं. फिल्टर आणि आकडे करणारी चिप २.२ मेगाहर्ट्झसाठी बनवलेली असेल, तर त्यापुढची लहर सॉफ्टवेअरपर्यंत पोचतच नाही. जे आत आलंच नाही, ते कुठली फाइल वाचणार?

फायबरचा तर प्रश्नच वेगळा. तिथं वीज नाही, उजेड येतो. घराघरांत फायबर पोचवणाऱ्या जीपॉन पद्धतीत १४९० नॅनोमीटरचा प्रकाश घराकडे येतो आणि १३१० चा परत जातो. जुन्या डब्यात ना तो प्रकाश ओळखणारा भाग आहे, ना परत पाठवणारा लेझर.

आणि आपल्याकडे खरा अडसर मोडेमच्याही आधी आहे. गाव एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटर असेल, तर एडीएसएल आणि एडीएसएल-२ प्लस यांत फरक जवळपास उरत नाही. वरच्या लहरी वाटेतच विरून जातात. ब्राउझरमध्ये मोडेमचं सेटिंगचं पान उघडलं की 'ॲटेन्युएशन' म्हणून डीबीमधला (डेसिबल) आकडा दिसतो, म्हणजे वाटेत लहर किती विरली ते. तो ५० च्या वर असेल तर मोठ्या वेगाची आशा सोडा. काकाजींच्या घराबाहेरचा जॉइंट मी पाहिला. दोन तारा नुसत्या पिळलेल्या, वर प्लास्टिकची पन्नी, आत हिरवा गंज. तो भाग कापून नीट जोडला की लाइन तुटायची थांबते. हा फायदा कुठल्याच फाइलनं होणार नाही.

स्क्रीनशॉटमधले १५० एमबीपीएस हा मोबाइल आणि राउटर यांच्यातल्या वायफायचा आकडा आहे, इंटरनेटचा नाही. खोलीतल्या खोलीत तेवढा वेग जुन्या राउटरलाही दिसतो.

'धोका काहीच नाही' हे मात्र मला सगळ्यात जास्त टोचलं. फर्मवेअर लिहिलं जात असताना वीज गेली तर मोडेम अर्धवट राहतो, आणि आपल्याकडे ती कधी जाईल याचा नेम नाही. काकाजींचं तेच झालं. पॉवरचा दिवा तेवढा लाल जळत होता. "आता पोरीचा फॉर्म कुठून भरू जी?" एवढंच ते म्हणाले. त्यांचा मोडेम मला जिवंत करता आला नाही. फॉर्म माझ्या दुकानात बसून भरला. शिवाय अनोळखी फाइलसोबत काय येईल सांगता येत नाही. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्राम ५४ देशांतल्या किमान ५ लाख राउटर आणि तत्सम उपकरणांत सापडला. राउटरमधून जाणारे पासवर्ड टिपण्याची सोय त्यात होती. ज्या मोडेमवरून बँकेचं काम चालतं, त्यात कोणाचीही फाइल कशी टाकायची?

अपडेट करूच नका असं माझं म्हणणं नाही. कंपनीच्या साइटवर, मोडेमच्या पाठीवरच्या लेबलमधला मॉडेल आणि हार्डवेअर व्हर्जन तंतोतंत जुळणारी फाइल असेल, तर जरूर टाका, मोडेम यूपीएसवर ठेवून. त्यानं सुरक्षितता वाढते, कधी अडखळणंही थांबतं.

वेगच हवा असेल तर मागणी दुसरीकडे करावी लागेल. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ पासून तिचं नाव भारतनेट आहे. आपल्या पंचायतीत या फायबरचा डबा बसलाय का, बसला असेल तर चालू आहे का, आणि तिथून घरापर्यंत जोडणी कोण देणार, हे येत्या ग्रामसभेत विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. आमच्या गावच्या सभेत मी आणि काकाजी दोघंही हा विषय मांडणार आहोत.