सिक्वेन्स मोठा की कलर?

ठाण्याहून सुटलेली वाशी लोकल दिघा गावला पोचायच्या आत मी चारचौघांत जुगारी ठरलो. पुरावा माझ्याच हातात होता, मोबाइलच्या पडद्यावर मांडलेली पत्त्यांची आठ पानं. निकाल देणारे काका शेजारी बसले होते. मांडीवर डब्याची पिशवी, कपाळाला गंध, आणि नजर स्वतःचा फोन सोडून बाकी सगळ्यांच्या फोनवर.

"रमी?"

"नाही काका, गेम आहे."

"तेच म्हणतोय. किती गेले?"

समोरच्या बाकावरच्या तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. त्यातल्या एकाने तर बॅग जवळ ओढली.

गेम होता 'बलाट्रो'. 2024 च्या फेब्रुवारीत आलेला, 'लोकलथंक' असं टोपणनाव लावणाऱ्या एका कॅनेडियन माणसाने जवळजवळ एकट्याने बनवलेला. यात पोकरचे हात, म्हणजे एका वेळी टाकायच्या पानांच्या ठरावीक जुळण्या, लावायचे असतात, पण समोर प्रतिस्पर्धी नाही आणि खिशातला पैसाही लावायचा नाही. गेम एकदा विकत घेतला की झालं. या जातीला रोगलाइक डेकबिल्डर म्हणतात. प्रत्येक वेळी डाव नवा पडतो, मधल्या दुकानातून आपली पानं नि गुण वाढवणारे जोकर जमवत जायचं, आणि हरलात तर जमवलेलं सगळं सोडून पहिल्यापासून सुरुवात. हे 'पहिल्यापासून' ऐकूनच निम्मी माणसं पळतात, आणि पत्त्यांचं नाव काढल्यावर उरलेली. तरी 'बलाट्रो'ने ज्यांना या प्रकारात ओढलं त्यांत पत्ते कधी हातात न धरलेलेही पुष्कळ आहेत, कारण यात हिशेब उघडा असतो. चिप्स (हाताचे नि पानांचे गुण) गुणिले गुणक, बस्स. आपण का मेलो ते मेल्यावर कागदावर मांडून दाखवता येतं. आयुष्यात अशी सोय कुठे आहे?

काकांना मात्र हिशेब नको होता. त्यांना पान टाकायचं होतं.

पहिल्या टप्प्याला 300 गुण हवे असतात आणि ते करायला चार हात मिळतात. माझ्याकडे बदामचा राजा, दश्शी, अठ्ठी, छक्की, तिर्री. शिवाय किलवर सत्ती, इस्पिक नव्वी आणि एक निरुपयोगी चौकट पंजी. म्हणजे पाच बदामांचा कलर तयार, आणि छक्की ते दश्शी सिक्वेन्सही तयार. मी बदाम निवडायला लागलो.

"अरे अरे अरे! सिक्वेन्स सोडून कलर?"

"यात कलर मोठा असतो काका."

"कुणी सांगितलं?"

"गेमने."

"गेमला काय कळतं? सिक्वेन्स मोठा. शेंबड्या पोराला विचार. गणपतीत जागरणाला काय भजनं म्हणता की काय तुम्ही?" मग समोरच्या बॅगवाल्याला, "काय हो, सिक्वेन्स मोठा की कलर?" बॅगवाला म्हणाला, सिक्वेन्स. त्याच्या शेजारचाही म्हणाला, सिक्वेन्स. दारात लटकलेल्या एकाने, ज्याला पडदा दिसत नव्हता आणि प्रश्नही धड ऐकू गेला नसावा, तोंड आत वळवून सांगितलं, "ट्रेल!" म्हणजे तीन पत्तीतली एकसारखी तीन पानं. ऐरोलीला चढलेल्यांना वाटलं असणार की डब्यात निवडणूक चालू आहे.

यांतलं कुणीच चूक नव्हतं, हाच तर वैताग. जे दुर्मीळ ते मोठं, असा पत्त्यांचा कायदा. तीन पत्तीत तीन पानांचे 22,100 हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096, म्हणून सिक्वेन्स मोठा. पाच पानांवर गेलं की गणित उलटतं. 25,98,960 हातांमध्ये सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108. पाच पानं एका रंगाची मिळणं अवघड, म्हणून पोकरमध्ये कलर वर, आणि 'बलाट्रो' पोकरवर उभा आहे. हे सगळं मी धावत्या गाडीत, आवाज चढवून, बोटांवर मोजून सांगितलं. वर हेही सांगितलं की तीन पत्तीत प्युअर, म्हणजे एकाच रंगाच्या, सिक्वेन्सचे हात 48 आणि ट्रेलचे 52, म्हणजे हिशेबाने प्युअर सिक्वेन्सच मोठा हवा. ट्रेलला उगाच राजा केलाय.

"ट्रेलला नावं ठेवतो!" काका डब्याला उद्देशून म्हणाले. दारातला माणूसही दुखावलेला दिसला.

बरं, भांडण होतं कितीचं? कलरला मुळात 35 चिप्स आणि गुणक 4. राजाचे 10 धरून माझ्या बदामांचे 37. एकूण 72 गुणिले 4, म्हणजे 288. काकांच्या सिक्वेन्सला मुळात 30 चिप्स, गुणक तोच 4, पानांचे 40. म्हणजे 280. आठ गुणांचा फरक! दोन्हींत 300 होत नाहीत आणि दोन्हींनंतर साध्या जोडीवर काम भागतं. मी हे बोलून दाखवत असतानाच काकांचं बोट पडद्यावर आलं. हे बोट थांबवायचा शिष्टाचार आपल्याकडे नाही. परक्याने आपल्या खांद्यावरून डोकावलेलं चालतं, पण त्याचं बोट हटवलं की आपण उद्धट.

त्यांनी छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी बरोबर उचलली. पाचवं पान म्हणून दश्शीऐवजी तिच्या शेजारचा राजा दाबला आणि हात खेळून टाकला.

अशा हाताला हाय कार्ड म्हणतात. मुळात 5 चिप्स, गुणक 1, आणि फक्त सगळ्यात मोठं पान मोजायचं. 15 गुण.

"बघ," काका समाधानाने मागे टेकले. "मशीन फसवतं. सॉफ्टवेअर त्यांचंच ना! यावर बंदी आली तरी तुम्ही सुधारत नाही."

बंदी आली आहे, खरंय. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला, पण तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. इथे डॉलर दिसतात ते गेममधले, बाहेर त्यांचा वडापावही येत नाही. अर्थात काकांना एकट्याला काय बोलणार! युरोपातल्या वयोगट ठरवणाऱ्या पेगी या संस्थेनेही पोकरचे हात पाहून 'बलाट्रो'ला 18 वर्षांवरच्यांच्या रांगेत बसवलं होतं. ते 2025 च्या फेब्रुवारीत 12 वर आणलं. मला खटकतं ते वेगळंच. खऱ्या पैशांच्या रमीच्या जाहिरातींत नट आणि क्रिकेटपटू वर्षानुवर्षं दात काढत होते, शेवटी सवय लागण्याचा इशारा घोडा उधळल्यासारखा वाचला जायचा, आणि तेव्हा कुठल्याही डब्यात कुणी कुणाला "किती गेले?" विचारल्याचं ऐकिवात नाही. ज्यांचे खरोखर गेले ते मान खाली घालून गप्प बसायचे. चौकशी आमची, जोकर मांडणाऱ्यांची.

जोकर हा या खेळाचा खरा जीव, आणि काकांना मी तिथवर नेऊच शकलो नाही. पाच जोकर ठेवता येतात आणि ते डावीकडून उजवीकडे मोजले जातात. नवशिके इथेच बुडतात. गुणकात 4 वाढवणारा साधा जोकर डावीकडे आणि गुणक दुप्पट करणारा उजवीकडे ठेवला तर माझ्या त्याच कलरचे 72 गुणिले 16, म्हणजे 1,152. उलट ठेवलात तर 72 गुणिले 12, म्हणजे 864. जोकर तेच, पानं तीच. दुसरा खड्डा पैशांचा. हातातल्या दर 5 डॉलरला फेरीअखेर 1 डॉलर व्याज, जास्तीत जास्त 5. म्हणून 25 शिल्लक राखून मगच खर्च करायचा. अगदी शेवटच्या टप्प्याला लाखभर गुण लागतात. तिथे नुसती बेरीज करणारे जोकर घेऊन गेलेला माणूस मरतो आणि नशिबाला दोष देतो.

काका घणसोलीला उतरले. उतरताना खांद्यावर थोपटून म्हणाले, "सोड हे. चांगल्या घरचा दिसतोस."

300 ला कमी पडलेले 285 गुण भरून काढायला मला उरलेले तिन्ही हात लागले. न वापरलेल्या प्रत्येक हाताचा 1 डॉलर मिळतो; कलर आणि जोडी खेळलो असतो तर दोन हात उरले असते. सुरुवातीचे 4, टप्प्याचे 3 आणि ते 2, असे 9 झाले असते. हातात आले 7. दुकान उघडलं तर समोर 'द ऑर्डर' नावाचा जोकर. हातात सिक्वेन्स असला की गुणक तिप्पट. तो घेतला की काकांच्या त्या सिक्वेन्सचे 840 होतात आणि कलर खरोखरच लहान ठरतो.

किंमत 8 डॉलर.