‘टेकडी कुणाच्या बापाची नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

पुण्याच्या टेकड्यांवरील जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाविषयी मी मागे लेख लिहिला होता; त्या आरक्षणाखालील जमिनींच्या मालकांना मिळणारा मोबदला अन्याय्य आहे, असे त्यात म्हटले होते. त्या लेखावर ‘टेकडीप्रेमी’ या नावाने एका वाचकांनी प्रतिक्रिया दिली आहे. ती मी काढलेली नाही. तिचा आशय असा : टेकडी कुणाच्या बापाची नाही, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर एक झाड लावले नाही, त्यांना आता मोबदल्याची आठवण झाली आहे, 8 टक्के टीडीआर (जमिनीच्या मोबदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो आहे तोच पुष्कळ झाला, तो वाढवला तर महापालिका बुडेल आणि शहर आणखी दाट होईल, टेकड्यांच्या मालकांत बिल्डरच अधिक आहेत, आंबिल ओढ्याचा पूर लेखक विसरले आहेत, आणि एकूणच हा लेख म्हणजे बिल्डरांचे वकीलपत्र आहे.

मतभेदाचे मला वावडे नाही, आणि माझ्या मांडणीतील दुवे कच्चे असतील तर ते दाखवून दिल्याबद्दल मी आभारच मानीन. परंतु ज्यांनी आपले खरे नावही लिहिलेले नाही त्यांनी दुसऱ्याचा बाप काढावा, ही कोणत्या सभ्यतेची रीत आहे? सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत ती माणसे कुणाची तरी मुलेच आहेत, आणि त्यांच्या बापांची नावेही त्याच उताऱ्यावर आहेत. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला, हे खरे; तथापि कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, असे सांगणारा अनुच्छेद 300-अ त्याच दुरुस्तीने घटनेत आला, हेही तितकेच खरे. ज्यांना ‘बाप’ हा शब्द इतक्या सहज सुचतो त्यांनी तो अनुच्छेद एकदा वाचावा.

आता त्या झाडांच्या वाक्याकडे वळतो, कारण संपूर्ण प्रतिक्रियेत मला सर्वाधिक लागले ते हेच वाक्य. मी 1997 साली महापालिकेत समाविष्ट झालेल्या 23 गावांपैकी एका गावचा आहे. आमची टेकडीवरील जमीन वरकस, म्हणजे हलक्या प्रतीची. बराचसा भाग पोटखराबा, म्हणजे ज्यावर पीक येत नाही म्हणून आकारणीही नाही, अशा नोंदीचा. माझ्या आजीने त्या उतारावर झाड लावले नाही, हे अगदी मान्य. तिने तेथे शेळ्या चारल्या, दिवाळीनंतर गवत कापून त्याच्या पेंढ्या डोक्यावरून खाली आणल्या, आणि वणवा लागला तर घरातल्या सगळ्यांना घेऊन ती ओल्या फांद्यांनी तो झोडपायला धावली. पुण्याच्या आसपासच्या या टेकड्या मुळात गवताच्या आणि खुरट्या झुडपांच्या आहेत; काळ्या खडकावर वीतभर माती, पावसाळ्यात हिरवीगार आणि उन्हाळ्यात पिवळीधमक, असे त्यांचे रूप. त्यांवर आज जी गर्द हिरवाई दिसते तिच्यातला मोठा हिस्सा नंतर लावलेल्या गिरिपुष्पाचा आहे, आणि गिरिपुष्प हे मूळचे मध्य अमेरिकेतले झाड आहे. तेव्हा झाडांची संख्या मोजून टेकडीवरील प्रेमाचा दाखला द्यायचा असेल, तर ज्या गवतावर माळटिटवी आणि चंडोल अंडी घालतात त्या गवताचा हिशेब कोणत्या रकान्यात लिहायचा, हे टेकडीप्रेमींनी सांगावे. सकाळी सहा ते सात या वेळेत, पायांत बूट घालून दिसणारी टेकडी आणि वर्षभर ज्यांच्या उंबऱ्यापासून ती सुरू होते त्यांची टेकडी या दोन वेगळ्या आहेत. पहिलीवर प्रेम करणे सोपे असते.

तरीही मी ज्या मुद्द्यासाठी लेख लिहिला तो वेगळाच होता आणि त्याला प्रतिक्रियेत स्पर्शही झालेला नाही. विकास आराखड्यात एखादी जमीन ‘आरक्षित’ दाखवली, तर ती संपादित करण्याची जबाबदारी नियोजन प्राधिकरणावर, म्हणजे येथे महापालिकेवर, येते. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातील कलम 127 अन्वये 10 वर्षांत ती घेतली गेली नाही, तर मालकाला नोटीस देऊन आरक्षण व्यपगत झाल्याचा, म्हणजे संपुष्टात आल्याचा दावा करता येतो. उलट तीच जमीन एखाद्या ‘विभागात’ (झोनमध्ये) दाखवली, तर मालकी मालकाकडेच राहते, वापरावर बंधन येते आणि संपादनाचा पैसा कुणालाच द्यावा लागत नाही. जुन्या हद्दीतील डोंगरमाथा-डोंगरउतार विभागात 4 टक्के बांधकामाची मुभा आहे ती या दुसऱ्या पद्धतीने. समाविष्ट गावांमधील सुमारे 978 हेक्टर टेकड्यांचे काय करायचे, विभाग की आरक्षण, यावर वर्षानुवर्षे खल झाला. राज्य शासनाने आरक्षण कायम ठेवून 8 टक्के टीडीआर देण्याचा निर्णय केला तो 2015 मध्ये. 1997 पासून मोजले तर या काळात तेव्हा जन्मलेले मूल सज्ञान झाले.

8 टक्के म्हणजे नेमके किती, ते आकड्यांत पाहू. दहा गुंठे म्हणजे 10,890 चौरस फूट. ही जमीन टेकडीवर असेल तर मालकाला सुमारे 871 चौरस फुटांचे विकास हक्क प्रमाणपत्र मिळते. तीच जमीन दाट वस्तीबाहेरच्या रस्त्यासाठी गेली असती, तर 2016 पासूनच्या नियमांनुसार दुपटीने, म्हणजे 21,780 चौरस फुटांचे मिळाले असते. उतारावर बांधकामाची क्षमता कमी, म्हणून मोबदलाही कमी, हा युक्तिवाद मला समजतो. पण पंचवीस पटींचा फरक त्या युक्तिवादात बसत नाही. शिवाय 871 फुटांचे प्रमाणपत्र घेऊन बाजारात उभा राहिलेला खातेदार कुणाला विकणार? तो मध्यस्थाकडे जातो आणि मध्यस्थ सांगेल तो भाव घेतो. म्हणून बहुतेक जण त्या वाटेला जातच नाहीत, आणि महापालिकेच्या हाती आलेली जमीन फारच थोडी राहते.

आणि मग काय होते, ते टेकडीप्रेमींनी पायथ्याच्या वस्त्यांमध्ये जाऊन पाहावे. जी सरकार घेत नाही आणि बँक तारण ठेवत नाही अशी जमीन घेणारा एकच गिऱ्हाईक उरतो, तो म्हणजे गुंठ्यांचे प्लॉट पाडणारा एजंट. आमच्या बांधाला लागून असलेल्या एका खातेदाराने मुलीच्या लग्नाच्या वर्षी असेच केले : अर्धा-अर्धा गुंठा, शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी, आणि तोंडी आश्वासन की गुंठेवारीत, म्हणजे असे तुकडे नियमित करणाऱ्या कायद्यात, सगळे नियमित होईल. घेणारे कोण, तर मराठवाड्यातून आलेले गवंडी, रिक्षाचालक, धुणीभांडी करणाऱ्या बाया. ज्यांच्या आयुष्याची पुंजी त्या पत्र्याच्या खोलीत अडकली आहे. आरक्षण नकाशावर हिरवेच राहिले आणि उतार मात्र सिमेंटचा झाला. माझा लेख एवढेच सांगत होता की अन्याय्य मोबदला हाच टेकडीचा सर्वांत मोठा शत्रू आहे, कारण तो जागेवर असलेल्या राखणदाराला विक्रेता करतो. यात बिल्डरांचे वकीलपत्र कुठे दिसले? बिल्डरला तर स्वस्तात जमीन सोडणारा हताश मालकच हवा असतो.

आंबिल ओढ्याचा उल्लेख करून आपण मला काही शिकवले, असे आपल्याला वाटत असेल तर तो समज राहू द्यावा. 25 सप्टेंबर 2019 च्या त्या रात्री कात्रजच्या डोंगरांवरून उतरलेले पाणी अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीपर्यंत काय करून गेले, ते आम्ही वर्तमानपत्रात वाचलेले नाही, नातेवाइकांच्या घरातला गाळ उपसताना पाहिलेले आहे. उतार मोकळे राहिले पाहिजेत, यावर आपला आणि माझा वादच नाही. वाद आहे तो त्याची किंमत कोणी मोजायची यावर. खालच्या लाखो लोकांची घरे कोरडी राहावीत म्हणून वरच्या काही हजार खातेदारांनी जमीन जवळपास फुकट सोडावी, हा आपला न्याय असेल तर तो तसा स्पष्ट शब्दांत लिहा. त्यावर प्रेमाची झालर लावू नका.

मालकांमध्ये बिल्डर आणि गुंतवणूकदारही आहेत, हे मला मान्य आहे. ते मी नाकारलेले नव्हते. ज्यांनी आरक्षणाची चर्चा सुरू झाल्यानंतर कवडीमोलाने खरेदीखते केली त्यांना आणि ज्यांच्याकडे जमीन वारसाने आली त्यांना एकच दर असू नये. फेरफाराच्या, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदींवरून हा भेद तलाठी कार्यालयातही करता येतो. लहान खातेदाराला टीडीआरऐवजी रोख रक्कम द्यावी, आणि ज्याला जमीन द्यायचीच नाही त्याच्याशी राखणीचा करार करून दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी, वणवा-अतिक्रमण झाले तर ती थांबवावी. तशी नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात घ्यावी. मूळ लेखाच्या शेवटच्या भागात हे सगळे होते. तो भाग आपण वाचला नसावा असे प्रतिक्रियेवरून दिसते.

महापालिका बुडेल आणि शहर दाट होईल या दोन आक्षेपांवर फार लिहिण्याचे कारण नाही. मेट्रो स्थानकांच्या परिसरात वाढीव चटईक्षेत्र देताना शहराच्या दाटीची काळजी कुणाला वाटली नव्हती. ती नेमकी गावकऱ्यांचा हिशेब करतानाच का आठवते, एवढेच विचारतो.

आपल्याला उत्तर द्यायचे असेल तर ‘विभाग की आरक्षण’ या प्रश्नावर आणि 871 विरुद्ध 21,780 या आकड्यांवर द्यावे. मी ते आनंदाने प्रसिद्ध करीन. माझ्या आजीने झाडे लावली की नाही, यावरच्या पुढील प्रतिक्रिया मात्र मी काढून टाकणार आहे.